माणूस राखावा की जागा?



फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या की रात्ररात्र जागणारी मंडळी आपल्याकडे काही कमी नाहीत. दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात, कचेरीत किंवा चहाच्या दुकानात त्यांचे वाद ऐकावेत. सामना चार-तीन असा सुटला असेल तर वाद फारसा होत नाही. सगळेच खूष असतात. खरा वाद जुंपतो तो शून्य-शून्य किंवा एक-शून्य अशा सामन्यावर. एक पक्ष म्हणतो, "अहो, दहा माणसे गोलासमोर उभी करायची, याला काय खेळणे म्हणायचे? त्यापेक्षा तिथे गवंडी बोलावून भिंतच बांधून घ्यावी!" दुसरा पक्ष म्हणतो, "तुम्हांला गोल तेवढे दिसतात. न झालेला गोल पाहायला निराळे डोळे लागतात."

या वादात मी दुसऱ्या पक्षाचा वकील आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र पहिल्या पक्षाची तक्रार अगदीच पोकळ आहे असे माझे म्हणणे नाही, आणि तिचे काय झाले तेही मी पुढे सांगणार आहे.

प्रथम एक साधा हिशेब करू. सामना नव्वद मिनिटांचा आणि खेळाडू बावीस. चेंडू क्षणभरही मैदानाबाहेर गेला नाही आणि सर्वांना सारखा मिळाला असे धरले, तरी एकेकाच्या वाट्याला चार मिनिटेच येतात. उरलेली शहाऐंशी मिनिटे तो खेळाडू चेंडूवाचून खेळत असतो. आपले डोळे मात्र नव्वद मिनिटे चेंडूलाच चिकटलेले. बचाव हा या चेंडूवाचूनच्या खेळाचा भाग आहे, आणि म्हणून तो प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरत नाही.

दुसरा हिशेब जागेचा. विश्वकरंडकाच्या मैदानाची लांबी १०५ मीटर आणि रुंदी ६८ मीटर असते. म्हणजे ७,१४० चौरस मीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ पावणेदोन एकर. गोली सोडला तर हे रान राखायला माणसे दहा. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सात गुंठे आले. सात गुंठ्यांत एकटा राखणदार आणि समोर पेलेसारखा माणूस! राखण होणे शक्यच नाही. तेव्हा बचावाचा पहिला प्रश्न असा उभा राहतो : हे दहा राखणदार कशाची राखण करणार? समोरच्या माणसाची की जागेची? प्रत्येकाने शत्रूचा एकेक माणूस वाटून घ्यावा आणि त्याच्या पाठी सावलीसारखे लागावे, हा एक मार्ग. माणूस कुठेही जाईना, आपण आपली जागा सोडायची नाही. जो कोणी आपल्या हद्दीत शिरेल त्याला पाहून घ्यायचे, हा दुसरा. फुटबॉलमधील बचावाचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन मार्गांमधली हेलकावणी आहे.

आपल्या हुतुतूत हा प्रश्न लहानशा पाटीवर दिसतो. चढाई करणारा आत येतो तेव्हा अनाडी संघाची पोरे त्याच्या अंगावर धावतात आणि एकेक करून बाद होतात. जाणता संघ हातात हात गुंफून मागे सरकतो, त्याला आत येऊ देतो. तो जितका आत येईल तितकी परतीची रेषा लांब पडते. कोपऱ्यावरचा गडी त्याच्या घोट्याकडे पाहत असतो. मधले दोघे त्याची वाट हळूहळू चिंचोळी करीत असतात. मग एका क्षणी कोपरा बसतो, आणि साखळी मिटते. पकड दिसते ती कोपऱ्याची; पण खरे काम आधी झालेले असते, जागा कमी करण्याचे. फुटबॉलमध्येही नेमके असेच घडते. फरक एवढाच, की पाटी पावणेदोन एकरांची असल्यामुळे ते दुरून ओळखू येत नाही.

आता इतिहासाकडे वळू. १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम फार कडक होता. पुढे गेलेल्या खेळाडूकडे चेंडू टाकावयाचा तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे निदान तिघे असावे लागत. यामुळे बचाव करणाऱ्या दोन बॅकचे काम सोपे झाले होते. एकाने दोन पावले पुढे टाकली की समोरची सगळी आघाडीची फळी ऑफसाइड! मागे दुसरा होताच. खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात कोंडला गेला आणि लोक कंटाळले. म्हणून १९२५ साली तिघांऐवजी दोघे पुरेत असा बदल करण्यात आला. परिणाम पाहा. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या साखळीत आदल्या हंगामात ४६२ सामन्यांत १,१९२ गोल झाले होते. बदलानंतरच्या हंगामात तितक्याच सामन्यांत १,७०३ झाले. कायद्याचा एक शब्द बदलला आणि पाचशेहून अधिक गोल वाढले!

परंतु बचाव करणारेही स्वस्थ बसले नाहीत. त्या ऑक्टोबरातच आर्सेनल संघ न्यूकॅसलकडून सात गोलांनी हरला. त्या संघातील चार्ली बुकन याने आग्रह धरला की मैदानाच्या मध्यभागी हिंडणाऱ्या सेंटर हाफला मागे, दोन बॅकच्या मध्ये आणून उभे करावे. व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने ते मानले, आणि दोन बॅकचे तीन झाले. पुढे सगळ्या संघाची मांडणी अशी बसली की वरून पाहिले तर पुढच्या पाचांचे इंग्रजी डब्ल्यू अक्षर होई आणि मागच्या पाचांचे एम. दोन्ही संघ असेच उभे राहिले की प्रत्येकासमोर आपापला एक शत्रू आपोआप येई. राइट बॅकसमोर लेफ्ट आउट, मधल्या बॅकसमोर सेंटर फॉरवर्ड. लग्नाच्या पंगतीत पाटासमोर पाट मांडावा तसा हा प्रकार. माणूस राखायचा हे ठरून गेले, आणि पाव शतक ते कोणाला खटकले नाही.

खटकले ते १९५३ च्या नोव्हेंबरात. वेम्ब्लीच्या मैदानावर युरोप खंडातील कोणत्याही संघाने तोवर इंग्लंडला हरवले नव्हते. हंगेरीचा संघ आला आणि सहा-तीन असा जिंकून गेला. पुष्काशच्या डाव्या पायाची कीर्ती त्या दिवशी जगभर झाली. पण किल्ली होती ती नांदोर हिदेगकुटी याच्याकडे. अंगावर सेंटर फॉरवर्डचा नऊ नंबर, आणि उभा मात्र राही वीस-पंचवीस पावले मागे, मैदानाच्या मध्यात. त्याला राखण्याचे काम हॅरी जॉन्स्टन या अनुभवी मधल्या बॅककडे होते. आता त्याने करावे काय? हिदेगकुटीच्या पाठी गेला तर मागे गोलासमोर मोकळे रान पडते, आणि त्यात पुष्काश व कोचिश घुसतात. जागेवर राहिला तर हिदेगकुटी एकटाच मोकळा राहून हवे तिथे चेंडू फेकतो. दोन्हीकडून मरण. हिदेगकुटीने त्या दिवशी स्वतः तीन गोल केले. जॉन्स्टन वाईट खेळला असे मला वाटत नाही. त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते तो प्रश्न त्याच्या शाळेत कधी शिकवलाच गेला नव्हता.

अशा शाळेबाहेरच्या प्रश्नांची चव आपणही चाखली होती. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढवले. आपला झाला एक. चार वर्षांनी मेलबर्नला उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाशीच गाठ पडली. प्रशिक्षक तेच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांचा हैदराबाद पोलीस संघ मुंबईच्या लोकांना चांगला परिचयाचा होता. १९५० पासून सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक त्याने आपल्या घरी नेला होता. मेलबर्नला पहिला गोल आपण केला, मुंबईच्या मैदानांवर तयार झालेल्या नेव्हिल डिसूझाने. शेवटी एक-चार असे हरलो खरे. परंतु एक-दहा आणि एक-चार यांच्यामध्ये जे सहा गोल आहेत ते कोणत्याही पदकतालिकेत दिसत नाहीत, आणि मी ज्याविषयी आज बोलत आहे ते तेच. पुढे १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत याच रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला दोन-एक असे हरवून सुवर्णपदक मिळवले. मुंबईच्या टाटा संघाचा फॉर्च्युनाटो फ्रँको त्यात हाफबॅक होता. जर्नैलसिंग हा मुळात मागच्या फळीचा खांब. त्याला रहीमसाहेबांनी उपान्त्य आणि अंतिम सामन्यांत आघाडीवर खेळवले, आणि दोन्हींत त्याने गोल केले. बॅकला कशाने घाम फुटतो हे बॅकइतके कोणाला ठाऊक असणार!

असो. हिदेगकुटीने विचारलेल्या प्रश्नाला दोन उत्तरे पुढे आली.

पहिले उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार होते, आणि तेही लहानशा स्वित्झर्लंडमध्ये. कार्ल राप्पान हा ऑस्ट्रियाचा माणूस तिथे प्रशिक्षक होता. आपले खेळाडू एकास एक असे मोठ्या राष्ट्रांपुढे टिकणार नाहीत, हे त्याने स्वच्छ ओळखले होते. जो दुबळा आहे त्याने समोरासमोर पंगत मांडू नये. म्हणून त्याने माणसे मागे ओढली आणि सर्वांच्या मागे एक असा ठेवला की ज्याच्याकडे कोणताच ठरावीक शत्रू नाही. पुढचा बॅक चुकला की हा त्याच्या जागी धावणार. याला तिकडे जे नाव पडले त्याचा अर्थ अडसर. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला कडी असते, कुलूप असते, आणि शिवाय आतून भिंतीत सरकवायचा जाड लाकडी अडसर असतो, तोच हा. १९३८ च्या विश्वकरंडकात जर्मनीशी पहिला सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. जर्मनीने त्याच वसंतात ऑस्ट्रिया गिळला होता, आणि ऑस्ट्रियाचे निवडक खेळाडूही जर्मन संघात घातले होते. पॅरिसलाच पुन्हा सामना झाला. जर्मनीचे दोन गोल आधी झाले, आणि स्वित्झर्लंडने तो चार-दोन असा जिंकला. ऑस्ट्रियन प्रशिक्षकाच्या छोट्या संघाने ऑस्ट्रिया गिळणाऱ्याला स्पर्धेबाहेर घालवले, याचा आनंद त्या काळी किती जणांना झाला असेल याची कल्पना करावी.

हाच अडसर पुढे इटलीत गेला आणि तिथे त्याचे शास्त्र झाले. त्याचे इटालियन नाव कातेनाच्चो. तोही दाराचाच अडसर. चार बॅक माणूस राखणारे, आणि त्यांच्यामागे एक मोकळा, लिबेरो. एलेनियो एरेरा याच्या इंटर मिलान संघाने १९६४ आणि १९६५ साली युरोपीय करंडक याच बळावर जिंकला. एक गोल करावा आणि दार लावून घ्यावे. प्रेक्षकांनी शिव्या दिल्या. करंडक मात्र मिलानच्या कपाटात गेले.

दुसरे उत्तर ब्राझीलचे. ब्राझील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेले, गारिंचा आणि नाचत जाणारा चेंडू येतो. पण १९५८ च्या स्वीडनमधील स्पर्धेचा हिशेब काढून पाहा. पहिल्या चार सामन्यांत ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. सबंध स्पर्धेत झाले चार, तेही शेवटच्या दोन सामन्यांत, जेव्हा ब्राझीलने स्वतः पाच-पाच केले. इंग्लंडशी त्यांचा सामना शून्य-शून्य सुटला, आणि विश्वकरंडकाच्या इतिहासातला तो पहिलाच बिनगोली सामना! ब्राझीलने मागे चार बॅक ओळीने उभे केले होते आणि त्यांना माणसे वाटून न देता जागा वाटून दिल्या होत्या. शत्रूचा फॉरवर्ड एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की त्याला दुसऱ्याच्या हवाली करायचे. आपण आपली चौकी सोडायची नाही. शिवाय डाव्या बगलेवरचा झागालो चेंडू गेला की धावत मागे येई आणि मधल्या फळीत उभा राही. दरवाजा उघडा ठेवूनही चोर आत येऊ नये अशी ही व्यवस्था होती. तिला मोठी शिस्त लागते, आणि त्याहून मोठा लागतो तो शेजाऱ्यावरचा विश्वास. माणूस राखणारा बॅक चुकला तर चूक त्याची. जागा राखणाऱ्यांत एकाने आळस केला तर गोल दुसऱ्याच्याच हद्दीत होतो.

ही दोन उत्तरे समोरासमोर आली ती १९७० साली मेक्सिकोत, अंतिम सामन्यात. एका बाजूला माणूस राखणारी इटली, दुसऱ्या बाजूला ब्राझील. ब्राझील चार-एक जिंकला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातील चौथा गोल आजही वारंवार दाखवला जातो. पेलेने न पाहताच उजवीकडे चेंडू सोडला आणि कुठून तरी धावत आलेल्या कार्लुस आल्बेर्तुने तो जाळ्यात हाणला, एवढे सगळे जण पाहतात. मी आपणांस विनंती करतो, की पुढच्या वेळी तो पाहाल तेव्हा चेंडूवरची नजर थोडी काढून इटलीच्या फाक्केत्ती या लेफ्ट बॅकला शोधा. त्याच्याकडे ब्राझीलच्या उजव्या बगलेचा जाईर्झिन्यो सोपवलेला होता. जाईर्झिन्यो त्या क्षणी आपली बगल सोडून मैदान ओलांडून पार डावीकडे गेलेला; आणि आज्ञाधारक फाक्केत्ती त्याच्या मागोमाग तिकडेच. मग त्याची मूळ जागा कोणाकडे? कोणाकडेच नाही. जाईर्झिन्यो आत वळतो, चेंडू पेलेकडे देतो, आणि पेले तो त्या ओसाड पट्ट्यात अलगद सोडतो. राखणदार चोराच्या पाठी धावला, पण घराची दुसरी बाजू उघडी टाकून. गोल पेलेने उघडला, कार्लुस आल्बेर्तुने केला. मला विचाराल तर त्याचा निम्मा मालक चेंडूपासून दूर उभा असलेला जाईर्झिन्यो आहे.

यानंतर माणूस राखणे मागे पडत गेले. १९७४ चा हॉलंडचा संघ जागा राखण्याच्याही पुढे गेला. त्याने जागाच आखडली. रिनस मिखेल्स प्रशिक्षक होते आणि योहान क्रायुफ मैदानावरचा सेनापती. चेंडू गेला की हे लोक मागे पळत नसत. उलट सगळी बचावफळी पुढे सरके, आणि तिघे-चौघे चेंडूवाल्यावर तुटून पडत. मागे मोकळे रान पडले आहे खरे, पण तिथे उभे राहील त्याला ऑफसाइडचा नियम बाहेर काढतो. तेरा वर्षांनी मिलानला आलेल्या आरिगो साक्कीने हेच अधिक काटेकोर केले; त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या फळीत अंतर असे ते सुमारे पंचवीस मीटर. मघाचा सात गुंठ्यांचा हिशेब आठवा. दहा माणसे पंचवीस मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद अशा पट्ट्यात आणून ठेवली, तर प्रत्येकाला फक्त एक गुंठा राखायचा राहतो. एक गुंठा कोणीही राखील! हॉलंडवर त्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत सहा सामन्यांत एकच गोल झाला होता, आणि तोही त्यांच्याच खेळाडूच्या पायाने. आक्रमक म्हणून ज्यांची पूजा होते त्यांची बचावाची वही एवढी कोरी असते. प्रेक्षकांच्या पहिल्या पक्षाने हे ध्यानात घ्यावे.

याउलट बचावाची पर्वा न केल्याचे दोन दाखले सांगतो. १९६६ साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर उत्तर कोरियाच्या पोरांनी पोर्तुगालवर पंचवीस मिनिटांत तीन गोल केले. आदल्याच सामन्यात त्यांनी इटलीला घरी पाठवले होते. इटालियन संघाकडे तीन गोलांची शिदोरी असती तर पासष्ट मिनिटे त्यांनी चेंडूला हवासुद्धा लागू दिली नसती. कोरियाची पोरे मात्र चौथा गोल करायला धावली. मागे पसरलेल्या रानात एउझेबियो सुटला, त्याने एकट्याने चार गोल केले आणि पोर्तुगाल पाच-तीन जिंकला. प्रेक्षकांचे त्या कोरियन संघावर आजही प्रेम आहे, माझेही आहे. पण उपान्त्य फेरीत पोर्तुगाल गेला.

दुसरा दाखला १९८२ चा, बार्सिलोनातील ब्राझील-इटली सामन्याचा. ब्राझीलला पुढे जाण्यास बरोबरी पुरे होती. दोनदा मागे पडून त्यांनी दोनदा बरोबरी केली; दोन-दोन झाले तेव्हा वीसेक मिनिटे उरली होती. सर्वसाधारण समज असा, की ब्राझील गाफीलपणे पुढे गेला म्हणून हरला. तिसरा गोल झाला तेव्हाचे चित्र निराळेच आहे. इटलीचा कॉर्नर होता आणि ब्राझीलची जवळजवळ सगळी माणसे गोलासमोरच जमली होती. चेंडू अर्धवट बाहेर आला, परत आत मारला गेला, आणि पावलो रोसीने तो वाटेतच जाळ्यात वळवला. ब्राझीलची फळी बाहेर सरकत असताना एक बॅक गोलरेषेपाशीच रेंगाळला होता. त्याच्यामुळे रोसी ऑफसाइड ठरला नाही. दहा माणसे उभी केली की भिंत होते असे म्हणणाऱ्यांनी हा गोल पाहावा. विटा होत्या, चुना नव्हता.

आता पहिल्या पक्षाच्या तक्रारीकडे येतो. १९५४ च्या विश्वकरंडकात एका सामन्याला सरासरी ५.३८ गोल झाले होते. १९५८ ला ३.६०, १९६२ ला २.७८. पुढे चढउतार होत होत १९९० साली इटलीत ही सरासरी २.२१ वर आली. त्या स्पर्धेत अर्जेंटिना सहा सामन्यांत अवघे पाच गोल करून अंतिम फेरीपर्यंत पोचला, आणि अंतिम सामना पश्चिम जर्मनीने पेनल्टीवरच्या एका गोलाने जिंकला. बॅकने चेंडू गोलीकडे सरकवावा, त्याने तो हातात घ्यावा, इकडेतिकडे पाहावे, पुन्हा बॅककडे टाकावा! याला मी बचाव म्हणत नाही. बचाव शत्रूशी असतो. हा घड्याळाशी चाललेला व्यापार होता. तसेच १९८२ साली गिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी जे केले, ते. एक-शून्य एवढ्या निकालावर दोघेही पुढे जाणार होते आणि अल्जीरिया बाहेर पडणार होता; दहाव्या-अकराव्या मिनिटाला तो गोल झाल्यावर दोन्ही संघांनी उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवला. पुढच्या स्पर्धेपासून गटातले अखेरचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

येथेही १९२५ सारखेच झाले. प्रेक्षकांचा वैताग कायदे करणाऱ्यांपर्यंत पोचला. १९९० च्या स्पर्धेनंतर ऑफसाइडमध्ये बदल होऊन बचाव करणाऱ्याच्या बरोबरीच्या रेषेत असलेला फॉरवर्ड निर्दोष ठरला. १९९२ पासून सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू गोलीला हातात घेण्याची बंदी झाली. १९९४ च्या विश्वकरंडकात विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले, म्हणजे दोन बरोबऱ्यांपेक्षा एक विजय अधिक मोलाचा झाला. त्या वर्षी सरासरी २.७१ वर गेली. एवढे करूनही त्याच स्पर्धेचा अंतिम सामना, ब्राझील विरुद्ध इटली, १२० मिनिटे शून्य-शून्य राहिला, ही गोष्ट निराळी!

बाद पद्धतीच्या स्पर्धेचा स्वभावच असा आहे. साखळीत अडतीस सामने खेळायचे असतात. तिथे बलवान संघ शेवटी वर येतोच. इथे नव्वद मिनिटांचा एकच कौल. दुबळ्याने शंभर वेळा मोकळेपणाने खेळावे तर तो नव्वद वेळा हरेल. गोलच कमी होतील असे पाहावे, तर नशीब आणि एखादा कॉर्नर यांना वाव मिळतो. २००४ च्या युरोपीय स्पर्धेत ग्रीसने हेच केले. ओटो रेहागेल या वृद्ध जर्मन प्रशिक्षकाने सर्वांनी अडगळीत टाकलेली माणूस राखण्याची पद्धत पुन्हा बाहेर काढली. नव्या पिढीच्या फॉरवर्डना अंगाला चिकटून राहणारा बॅक कसा झटकावा हे ठाऊकच नव्हते! फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि अंतिम सामन्यात लिस्बनला पोर्तुगाल, तिघेही एकेका गोलाने हरले, आणि तिन्ही गोल डोक्याने मारलेले. कंटाळवाणा खेळ अशी टीका पुष्कळ झाली. ग्रीसमधून ती झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

राप्पानच्या स्वित्झर्लंडचीही एक हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. २००६ च्या विश्वकरंडकात त्यांच्यावर चार सामन्यांत एकही गोल झाला नाही. तरी ते बाहेर पडले! युक्रेनशी १२० मिनिटे शून्य-शून्य झाली आणि नंतरच्या पेनल्टींमध्ये त्यांच्या तिघांपैकी एकालाही चेंडू जाळ्यात घालता आला नाही. अडसर शाबूत राहिला, पण धन्यालाच बाहेर पडायला वाट सापडली नाही.

अगदी अलीकडचा दाखला २०२२ चा, कतारमधील मोरोक्कोचा. आफ्रिकेचा कोणताही संघ तोपर्यंत विश्वकरंडकाच्या उपान्त्य फेरीत पोचला नव्हता. वालिद रेग्रागी या प्रशिक्षकाचा संघ तिथवर गेला तेव्हा पाच सामन्यांत त्याच्यावर एकच गोल झाला होता, आणि तोही स्वतःच्याच बॅकचा पाय लागून. स्पेनशी झालेला त्यांचा सामना मुद्दाम पाहण्यासारखा आहे. स्पेनने दोन तासांत हजाराच्या घरात पास दिले. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि लाल जर्सीतली माणसे त्याच्याबरोबर चार पावले डावीकडे, चार पावले उजवीकडे. कोणी चेंडूवर झेप घेत नाही, कोणी माणसामागे धावत नाही. गोलासमोरचा मधला पट्टा तेवढा बंद. बगलेवर काय हवे ते करा. वरून पाहिले तर हुतुतूची साखळीच. शेवटी पेनल्टी आल्या आणि स्पेनचे तीनही फटके वाया गेले. दोन गोली यासिन बूनूने अडवले, एक खांबावर आदळला. पुढच्या सामन्यात पोर्तुगालचाही एका गोलाने पराभव झाला.

उपान्त्य सामन्यात फ्रान्सशी गाठ पडली. मोरोक्कोचे बॅक एकामागून एक जायबंदी होत होते. रेग्रागीने त्या दिवशी मागे चाराऐवजी पाच माणसे उभी केली. पाचव्याच मिनिटाला फ्रान्सचा गोल झाला, आणि विसाव्या मिनिटाच्या सुमारास जखमी कर्णधार सैस बाहेर गेल्यावर मोरोक्को पुन्हा चारांवर आला. आता दार लावून बसण्यात अर्थ नव्हता. मग ते बाहेर पडले, आणि असे सुरेख खेळले की प्रेक्षकांचा पहिला पक्षही उठून उभा राहिला. चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याच पायाशी होता. समोर जगज्जेते फ्रेंच गोलासमोर दाटी करून उभे होते, चार पावले डावीकडे, चार पावले उजवीकडे. आणि एकोणऐंशीव्या मिनिटाला संधी मिळताच त्यांनी दुसरा गोल केला.